कनातीतला हवालदार पडद्यावर कसा आला? दादा कोंडके आणि बतावणीची दोनशे वर्षे

आजचा धागा थोडा लांब आहे. विषय तसा हसण्याचा, पण सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागेल.

१९३२ साल. अमेरिकेत ‘व्हॉडव्हिल’ नावाची करमणूक तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. एकाच रात्री, एकाच रंगमंचावर गाणे, नाच, जादू, कसरत आणि नकला एकामागोमाग पाहायला मिळत. या खेळांची पंढरी म्हणजे न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर. १९१३ मध्ये उघडलेल्या त्या नाट्यगृहात याच वर्षी सिनेमाने मुक्काम ठोकला. नेमक्या त्याच वर्षी व्हॉडव्हिलमध्ये मुरलेला जॅक बेनी नावाचा विनोदी नट रेडिओवर आला आणि पुढची कित्येक वर्षे अमेरिकेच्या घराघरांतून ऐकला गेला.

आणि त्याच १९३२ च्या ८ ऑगस्टला मुंबईत नायगावच्या चाळीत, गिरणी कामगाराच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव ठेवले कृष्णा. कृष्णा खंडेराव कोंडके. घराणे मूळचे भोरजवळच्या इंगवलीचे. महाराष्ट्र त्याला पुढे ‘दादा’ म्हणू लागला.

योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, हे मान्य. तरीही जॅक बेनी आणि दादा कोंडके यांचा प्रवास शेजारी ठेवून पाहिला की एक प्रश्न समोर येतो. दोघेही मिश्र करमणुकीच्या रंगमंचावर घडलेले विदूषक. बेनीला रेडिओने उचलून धरले; आपल्या सोंगाड्याला मात्र रेडिओचा दरवाजा कधी पुरता उघडला नाही. तो थेट पडद्यावर गेला. असे का झाले?

उत्तरासाठी आधी तमाशाच्या कनातीत शिरावे लागेल.

तमाशाची बांधणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आरंभी गण, म्हणजे गणेशाला आवाहन. मग गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांना अडवणारा कृष्ण, त्याचा बोबडा सवंगडी पेंद्या आणि पुरुषाने वठवलेली फटकळ मावशी. त्यानंतर लावण्या, बतावणी आणि अखेरीस वग, म्हणजे रात्रभर रंगणारे कथानक. शाहिरीची परंपरा पेशवाईतल्या राम जोशी, होनाजी यांच्यापर्यंत मागे जाते. वग त्या मानाने अलीकडचा. उमा-बाबू सावळजकरांच्या फडाचा १८६५ मधला ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो.

आपल्या कामाचा भाग म्हणजे बतावणी. दोन माणसे उभी राहतात. एक शहाण्याचा आव आणतो, दुसरा वेड पांघरतो. शहाणा प्रश्न विचारतो, वेडा त्याच शब्दांचा भलताच अर्थ लावतो. पाहता पाहता गावचा पाटील, सावकार, तलाठी आणि फौजदार सगळे त्या उत्तरात येऊन अडकतात. हा वेडा म्हणजेच सोंगाड्या. त्याच्या हाती लिहिलेला कागद नसे. कथानकाचा सांगाडा ठरलेला. मांस-मज्जा त्या रात्रीच्या गर्दीकडे पाहून जागच्या जागी भरायची. समोर कोणते गाव बसले आहे, पीकपाणी कसे आहे, पहिल्या रांगेत कोण मिशीला पीळ देत बसला आहे, हे हेरून संवाद जन्माला येत. सकाळी ते विरून जात.

सत्तेला अशा माणसाची धास्ती वाटते, कारण त्याला आधी वाचता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून काही काळ तमाशावर बंदी घातली. ती उठली, पण सुधारणेची अट घेऊन. प्रयोगाची संहिता आधी सादर करायची, तपासून घ्यायची, मगच परवानगी. ज्या कलेचा प्राणच हजरजबाबीपणात, तिला आता कागद दाखवावा लागणार होता. याच सुमारास ‘तमाशा’ हा शब्द मागे सरून ‘लोकनाट्य’ हा सोज्ज्वळ शब्द रूढ झाला. अण्णा भाऊ साठे आणि त्यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचा साचा कामगार चळवळीसाठी वापरलाच होता. गणातला गणपती बाजूला ठेवून त्यांनी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनीही तोच साचा हाती घेतला. अशा रीतीने जातिवंत तमासगिरांच्या, म्हणजे प्रामुख्याने मांग, महार, कोल्हाटी समाजांतील कलावंतांच्या मालकीची ही कला सुशिक्षित तरुणांच्या हाती आली. हे चांगले झाले की वाईट, याचे एका शब्दात उत्तर देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. मुंबई सरकारचे हुकूम मुदखेडला लागू नव्हते. येथील माणसाला फडाची ओळख प्रामुख्याने जत्रेतून. नांदेडहून लोह्यामार्गे लातूरकडे जाताना लागणारे माळेगाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे आणि उंट यांचा बाजार एकीकडे भरतो आणि दुसरीकडे तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. देव, जनावरे आणि ढोलकी एकाच माळावर.

आता दादांकडे वळू.

मुलगा चाळीत वाढला. अपना बाजारात महिना साठ रुपयांवर नोकरी, बँड पथकात वाजवणे आणि सेवा दलाचे कलापथक, ही त्याची शाळा. ‘खणखणपूरचा राजा’ या लोकनाट्याने नाव झाले. मग स्वतःची कलापथक कंपनी काढायची ठरली आणि नवे लोकनाट्य लिहून द्या म्हणून तो वसंत सबनिसांकडे गेला. सबनीस हे सुशिक्षित मध्यमवर्गीय विनोदकार. त्यांचा ‘छपरी पलंगाचा वग’ नव्या नावाने रंगभूमीवर आला: ‘विच्छा माझी पुरी करा’. साठच्या दशकाच्या मध्यापासून पुढे त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले.

‘विच्छा’चे कथानक ऐका. एक राजा, त्याचा प्रधान, एक हवालदार आणि मैनावती नावाची नाचणारी. कोतवालाची जागा रिकामी होते. हवालदाराला वाटते, आता आपली बढती. प्रधान मात्र तिथे आपल्या माणसाची वर्णी लावतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून नव्या कोतवालाला राजाच्या पलंगाच्या भानगडीत असे अडकवतात की त्याची पुरती फजिती होते. राज्य कोणते, काळ कोणता, काही सांगितलेले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. वशिल्याने जागा भरणारा प्रधान प्रत्येक प्रेक्षकाने आपल्या तालुक्याला पाहिलेला होता. हेच लोकनाट्य हिंदीत ‘सैंया भये कोतवाल’ या नावाने गेले, तेव्हा तेथील प्रेक्षकांनाही ते आपलेच वाटले.

दादा हवालदार झाले. इथे जरा थांबू या, कारण या धाग्यातली माझी आवडती जागा हीच आहे.

मराठी विनोदात हवालदार इतक्या वेळा का येतो? सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ आठवा. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी काळू आणि बाळू हे दोन हवालदार रंगवले आणि ती नावे त्यांना अशी चिकटली की महाराष्ट्र त्यांना ‘काळू-बाळू’ म्हणूनच ओळखतो. इकडे ‘विच्छा’चा हवालदार. पुढे १९७५ मध्ये दादांनी पहिल्यांदा स्वतः दिग्दर्शन केले, तो चित्रपट कोणता? ‘पांडू हवालदार’. त्यात त्यांच्या जोडीला दुसऱ्या हवालदाराच्या भूमिकेत होते अशोक सराफ. पुन्हा दोन हवालदार, पुन्हा बतावणी.

माझे मत असे: खेड्यातल्या माणसाला सरकार भेटते ते हवालदाराच्या रूपात. कलेक्टर दूर, मंत्री त्याहून दूर. हवालदाराच्या अंगावर सरकारचा पोशाख असतो आणि पोशाखाच्या आत आपल्यासारखाच, वरच्याच्या शिव्या खाणारा, पगार न पुरणारा माणूस असतो. सत्तेची काठी आणि गरिबाचे पोट एकाच देहात. सोंगाड्याला याहून सोयीचे सोंग कोणते मिळणार? त्याला हसले की सरकारला हसल्यासारखे होते आणि गुन्हाही लागत नाही.

नाटक पाहायला एकदा आशा भोसले आल्या. त्यांनी भालजी पेंढारकरांकडे दादांचे नाव सुचवले, आणि भालजींच्या ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटातून दादा पडद्यावर आले. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दादांचे नाव मात्र अजून घरोघरी झाले नव्हते.

ते झाले १९७१ मध्ये. चित्रपटाचे नावच ‘सोंगाड्या’. निर्माते स्वतः दादा, कथा पुन्हा सबनिसांची, दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी. गावचा भोळा नाम्या तमाशा पाहायला जातो, तमाशातल्या नाचणारीच्या नादी लागतो, आई घराबाहेर काढते आणि तो फडाचा सोंगाड्या होतो. आईच्या भूमिकेत रत्नमाला, नायिका उषा चव्हाण, सोबत निळू फुले आणि गणपत पाटील. नाडी लोंबणारी ढगळ अर्धी चड्डी हा दादांचा पोशाख इथून महाराष्ट्राच्या डोळ्यांत बसला. चॅप्लिनची ढगळ विजार आठवते ना? तोही इंग्लंडच्या म्युझिक हॉलमधून, म्हणजे व्हॉडव्हिलच्या सख्ख्या भावंडातून आलेला. न शोभणारे कपडे घातलेला माणूस सभ्य जगात शिरतो आणि सभ्य जगच विचित्र दिसू लागते, ही युक्ती दोघांचीही.

‘सोंगाड्या’ला मुंबईत दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये जागा मिळेना, तिथे देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लागणार होता. दादांनी बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे धाव घेतली, शिवसैनिक थिएटरवर गेले आणि ‘सोंगाड्या’ तिथे लागला. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातली उपरोधाची बाजू अधिक मोलाची वाटते: समाजवादी विचारांच्या सेवा दलात घडलेल्या नटाच्या चित्रपटासाठी शिवसेना उभी राहिली. गिरणगावात हे दोन्ही प्रवाह एकाच चाळीत राहत होते, हे विसरले तरच याचे आश्चर्य वाटेल.

पुढचा हिशेब थोडक्यात. ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’, ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६), ‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८). ‘सोंगाड्या’पासून सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, म्हणजे प्रत्येक चित्रपट पंचवीस आठवडे चालला. हा विक्रम गिनेस बुकात नोंदला गेला.

आणि इथेच तो शब्द येतो: द्व्यर्थी.

दादांचे नाव घेताच सुशिक्षित घरांत आवाज खाली जाई. चावट, पांचट, अश्लील ही विशेषणे ठरलेली. सेन्सॉर बोर्डाशी त्यांचे खटके उडणे हा नित्याचा प्रकार होता. मला या ठिकाणी दादांना धुतल्या तांदळासारखे ठरवायचे नाही. उत्तरार्धातल्या कित्येक चित्रपटांत दोन अर्थांपैकी एकच उरला आणि तोही थकलेला, हे खरे आहे. त्यांच्या चित्रपटांतली स्त्री पुष्कळदा विनोदाची धनीण नसून विनोदाचे निमित्त असते, हेही खरे. तमाशातली मावशी किंवा मैनावती निदान उलट उत्तर देत असे.

पण द्व्यर्थी बोलणे हे तंत्र आले कुठून, ते पाहा. बतावणीचा पाया तोच: वेडा शब्दाचा भलता अर्थ लावतो. जेव्हा संहिता तपासून घ्यावी लागते, तेव्हा या तंत्राला नवीच धार चढते. कागदावर वाक्य निर्मळ असते. परिनिरीक्षकाची लाल पेन्सिल त्यावरून घसरून पुढे जाते. दुसरा अर्थ राहतो नटाच्या थबकण्यात, भुवईत आणि मुख्यतः ऐकणाऱ्याच्या मनात. पाप कुणाचे, बोलणाऱ्याचे की समजणाऱ्याचे? ज्या सत्तेने सोंगाड्याकडे कागद मागितला, तिला त्याने कागद दिला आणि खेळ कागदाबाहेर खेळला.

आता मूळ प्रश्न. हा माणूस रेडिओवर का गेला नाही?

अमेरिकेत रेडिओ खासगी होता. साबण, सिगारेट विकणाऱ्या कंपन्या कार्यक्रमांचा खर्च उचलत, आणि त्यांना हशा हवा होता. स्टुडिओत प्रेक्षक बसवून, त्यांच्या टाळ्या ऐकवत कार्यक्रम होत. व्हॉडव्हिलच्या नटाला आपला रंगमंच जणू उचलून स्टुडिओत ठेवल्यासारखे वाटले असेल. तोटा एवढाच की गावोगावी वर्षानुवर्षे चालणारा एकच खेळ रेडिओ एका संध्याकाळी गिळून टाकी आणि पुढच्या आठवड्याला नवा मागे. फ्रेड ॲलन या व्हॉडव्हिलच्याच नटाने रेडिओवरील आयुष्याच्या आठवणींना ‘विस्मृतीकडे नेणारी पायचक्की’ अशा अर्थाचे शीर्षक दिले, ते उगीच नाही.

आपल्याकडे आकाशवाणी सरकारची. नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२ च्या सुमारास चित्रपटगीतांनाच दार बंद केले. ती परत आली १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर. अशा घरात सोंगाड्याला पाट कोण मांडणार? मराठी रेडिओचा विनोद मग कुटुंबाच्या बैठकीत वाढला. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडेभावजी यांची पात्रे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी अशी उभी केली की श्रोत्यांना ती शेजारच्या घरातली वाटत. तो विनोद खरोखर गोड होता. पण तो चहाच्या कपाचा विनोद. राहुटीतल्या घामाचा नव्हे.

सोंगाड्या रेडिओवर पोचला तो गाण्यातून. आणि तिथेही आवाज त्याचा नव्हता. आधी जयवंत कुलकर्णी, मग अमृतसरचे महेंद्र कपूर दादांसाठी गायले. सोबतीला उषा मंगेशकर. पंजाबी गायकाच्या कंठातून मराठी खेडूत बोलला आणि कुणाला ते खटकले नाही. संगीतकारांची जोडीही दादांनीच घडवली: ‘पांडू हवालदार’च्या वेळी सुरेंद्र आणि विजय पाटील यांना त्यांनी ‘राम-लक्ष्मण’ हे नाव दिले. ‘राम’ लवकरच गेले. विजय पाटील यांनी ते जोडनाव एकट्याने पुढे चालवले आणि १९८९ मध्ये ‘मैंने प्यार किया’चे संगीत त्याच नावावर केले. ‘मैंने प्यार किया’ ऐकणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की संगीतकाराचे नाव एका हवालदाराने ठेवले आहे?

खेड्यांत मात्र दादा प्रत्यक्ष पोचले, तंबूच्या टॉकीजमधून. यात्रांच्या मैदानात तमाशाच्या राहुटीशेजारी सिनेमाचा तंबू उभा राही. एकाच मातीत बसून माणसे एका रात्री खरा सोंगाड्या पाहत, दुसऱ्या रात्री पडद्यावरचा. दुसरा स्वस्त पडे, दरवर्षी तितकाच ताजा असे आणि आजारी पडत नसे. राहुटीवाल्यांना ही स्पर्धा जड जाणार, हे उघड होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही. दादांची सलग यशाची मालिकाही याच सुमारास ओसरली. कारणे अनेक असतील. व्हिडिओ आला, दूरदर्शन पसरले, विनोदाची नवी पिढी आली. तरी जो कामगार तिकिटाच्या खिडकीवर उभा असे, तोच गावी परतू लागला होता, हे नजरेआड करता येत नाही. दादांनी हिंदीतही चित्रपट काढले, ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४) वगैरे. पण मराठी शब्दाचा दुसरा अर्थ भाषांतरात टिकत नाही. १४ मार्च १९९८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी गोविंदाचा ‘जिस देश में गंगा रहता है’ आला, तो ‘एकटा जीव सदाशिव’चीच हिंदी आवृत्ती.

जाता जाता एका खऱ्या सोंगाड्याविषयी. दादू इंदुरीकर हे फडात वाढलेले तमासगीर. ‘गाढवाचं लग्न’ या वगातला त्यांचा सावळ्या कुंभार पाहिलेली माणसे आजही त्या आठवणीने हसतात. संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. पण दादांचे चित्रपट आज आपण मोबाइलवर लावू शकतो. दादू इंदुरीकरांच्या ऐन भरातल्या त्या रात्री ज्यांनी पाहिल्या त्यांच्यापाशीच राहिल्या. २००७ मध्ये ‘गाढवाचं लग्न’चा चित्रपट झाला, तेव्हा सावळ्या कुंभार झाला होता मकरंद अनासपुरे, आपल्या मराठवाड्याचा गडी, मराठवाड्याच्याच बोलीची लकब घेऊन आलेला.

माळेगावला यंदा कोण कोण जाणार आहे? राहुटीत बसलात तर बतावणीच्या वेळी फोन खिशात ठेवा आणि पहिल्या रांगेत बसू नका; सोंगाड्या आधी तिकडेच पाहतो.